सामाईक वारसा आणि सात मिनिटांची झाकरी

मागच्या व्याख्यानात आपण 'परंपरा' या शब्दाबद्दल बोललो. आज जरा जमिनीवर येऊ. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये दर हिवाळ्यात मालवणी जत्रा, कोकण महोत्सव, खाद्यजत्रा असं काही ना काही भरतं. मी त्यांचा नियमित गिऱ्हाईक आहे. कोंबडीवडे खातो, सोलकढी पितो, आंबोशी नि कोकमं घेऊन घरी येतो. तेव्हा आज जी टीका करणार आहे ती लांबून बघणाऱ्याची नाही, पोट भरून आलेल्या माणसाची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या या पट्ट्यातल्या अशाच एका महोत्सवात मॉरिशसहून मराठी कलाकार आले होते. दहा-बारा जण, बायका जास्त. फलकावर लिहिलं होतं : 'दोन किनारे, एक वारसा.' वाक्य छान आहे. संध्याकाळी सातला कार्यक्रम सुरू व्हायचा होता. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग प्रायोजकांचे सत्कार, मग उशिरा आलेल्यांचे पुन्हा सत्कार. (हशा.) दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा हा नियम सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांच्या झाकरीला नऊ त्रेपन्नला बोलावलं. सात मिनिटं. निवेदक म्हणाला, 'यांची मराठी थोडी मोडकी असली तरी भावना शुद्ध आहेत.' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हे कबूल करतो. घरी येताना ते वाक्य टोचायला लागलं आणि त्यातूनच आजचं हे सगळं सुचलं.

झाकरी म्हणजे काय? रत्नागिरीकडच्या मंडळींना सांगायला नको. आपली जाखडी. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधून गडी गोल धरतात, गौरी-गणपतीत घरोघर फिरतात. मुंबईत याला बाल्या नाच म्हणतात. कानात बाळी घालणारा कोकणी गडी तो बाल्या, आणि हे नाव ठेवणाऱ्यांच्या तोंडी फार कौतुक नव्हतं. ती जाखडी एकोणिसाव्या शतकात जहाजात बसून हिंदी महासागर ओलांडून गेली आणि तिथे तिची झाकरी झाली.

आता 'सामाईक वारसा' या शब्दांकडे वळू. इंग्रजीतून आलेली कल्पना आपण मराठीत बोलतो तेव्हा मराठी शब्द गुपचूप आपलं काम करत राहतात. वारसा हा शब्द आपल्याकडे संस्कृतीच्या आधी तलाठ्याच्या दप्तरात होता. माणूस गेला की वारस नोंद करायची, फेरफार पडायचा, मग सातबाऱ्यावर नावं चढायची. आणि 'सामाईक' हा शब्द कोकणात कुणालाही विचारा. सामाईक जमीन म्हणजे चाळीस नावांचा सातबारा. एक भाऊ मुंबईला, एक इथे भोसरीला, एकाचा मुलगा दुबईला, दोघं वारलेले पण नाव अजून कमी केलेलं नाही. बहिणींकडून हक्कसोड पत्र घेतलेलं, किंवा घ्यायचं राहिलेलं आणि त्यावरून बोलणं बंद. सामाईक आहे म्हणून विकता येत नाही, हा फायदा. सामाईक आहे म्हणून कुणी कसत नाही, हा तोटा. घराला कुलूप. गणपतीत वल्लभनगरच्या आगारातून जादा गाड्या सुटतात, कुलूप उघडतं, दीड दिवसाचा असेल तर दीड दिवस, पाच दिवसांचा असेल तर पाच, मग पुन्हा कुलूप.

सातबाऱ्यात दोन नमुने एकत्र असतात. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची. नमुना बारा सांगतो जमिनीत पिकतं काय. माझी तक्रार थोडक्यात अशी आहे की आपले वारसा-महोत्सव फक्त सात वाचतात, बारा वाचत नाहीत. आमचं कोकण, आमचा समुद्र, आमची लाल माती. पण त्या मातीत यंदा काय पेरलं, त्या समुद्रात यंदा काय मिळालं, हे विचारायला मंडपात कुणी नसतं. प्रायोजकांच्या फलकांवर मात्र एक विषय ठळक असतो, तो म्हणजे प्लॉट. 'समुद्र दिसेल असा अकरा गुंठे, बँक कर्जाची सोय.' एका बाजूला गजालीचं सादरीकरण, दुसऱ्या बाजूला गजाली जिथे रंगायच्या ती वाडी विक्रीला. आणि घेणारा कोण? वडाशेव खात उभा असलेला आपलाच चाकरमान्याचा मुलगा. त्याला दोष देत नाही. फ्लॅटचे हप्ते संपलेत, गावातल्या सामाईक जमिनीत त्याला काही मिळणार नाही हे त्याला कळलंय, मग तो स्वतंत्र सातबारा विकत घेतो. पण या व्यवहाराला वारसा म्हणायचं का, एवढाच प्रश्न आहे.

रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, उक्षी, देवीहसोळ. २०२२ मध्ये कोकणातली आणि गोव्यातलं फणसामळ अशी ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं माती परीक्षण झालं आणि २०२३ मध्ये गावकरी, बायकामाणसं, उन्हात सड्यावर जाऊन बसली. प्रकल्प हवा की नको यावर मी इथे निकाल देणार नाही. आपण सगळे कारखान्यांच्या जिवावर जगलेलो आहोत. १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं नसतं, मागून टेल्को आणि बजाज आले नसते तर हे सभागृह नसतं आणि मीही इथे नसतो. पण त्या वर्षी आपल्या शहरातल्या कुठल्याही कोकणी व्यासपीठावर त्या वादाबद्दल एक तास चर्चा झालेली मी ऐकली नाही. वारसा साजरा करताना वाद नको असतो. आणि वाद नसलेला वारसा, हे तर कोकणात कुणी ऐकलेलंच नाही! (हशा.)

आता मॉरिशस. १८३४ पासून तिथे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. गुलामगिरी कायद्याने संपली, उसाला माणसं हवी होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरायचे त्याला आज अप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. जवळपास पाच लाख माणसं गेली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, सगळ्यांत कमी मुंबई बंदरातून. त्या मुंबईच्या जहाजांतली रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं, ती आजची मॉरिशसची मराठी माणसं. गणपती तिथे १८९६ पासून आहे, कास्कावेल गावच्या भिवाजी कुटुंबाने तो पहिल्यांदा बसवला असं सांगितलं जातं. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याकडे लगेच म्हणतात, टिळकांची प्रेरणा. मला शंका आहे. पुण्यात सार्वजनिक गणपती सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. कोकणी माणसाला घरी गणपती आणायला पुण्याची परवानगी कधी लागली? जे घरून नेलं तेच त्यांनी केलं असावं. हा माझा तर्क आहे, पण आपली सवय बघा, त्यांच्या प्रत्येक गोष्टीचा उगम आपल्याकडच्या पुढाऱ्यात शोधायचा.

१९९१ साली जागतिक मराठी परिषद मॉरिशसला भरली. एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, आपले तेव्हाचे उपमुख्यमंत्री गेले होते. चांगली गोष्ट आहे. तिथल्या लोकांनाही ते हवं होतं, त्यांची मंडळं साठ वर्षांहून जास्त काळ काम करताहेत. आपल्या पाठवणीत मात्र मला एक साचा दिसतो. आपण काय पाठवतो? पुतळा, पुस्तकं, प्रमाण मराठीचे शिक्षक, लावणीचा संच. आणि त्यांच्याकडून काय घेतो? टाळ्या. याला देवाणघेवाण म्हणत नाहीत.

त्या रात्रीकडे परत येतो. कार्यक्रम संपल्यावर रंगमंचाच्या मागे पाहुण्यांपैकी एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय साठीचं. मी प्राध्यापक होतो हे कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद काढला. मॉरिशसमध्ये मोका इथे महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज. त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीची ती प्रत होती. त्या वह्यांमुळेच तिथली आडनावं अशी झाली आहेत बरं का. साहेबाच्या कारकुनाने मजुराचं नाव नि बापाचं नाव लिहिलं, ते गोठलं आणि पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. भिवाजी, सखाराम ही तिथे आडनावं असतात.

त्यांना एकच हवं होतं : गाव कुठलं ते सांगा. जिल्हा लिहिलेला, जुन्या स्पेलिंगात, 'रटनाघेरी'. गावाच्या रकान्यात जे होतं ते 'कोलंब' की 'कोलंबे' ते लागेना. मालवणजवळ कोळंब आहे. रत्नागिरीच्या बाजूला कोळंबे आहे. १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा नव्हताच, त्यामुळे जिल्ह्यावरून काही ठरत नाही. माझे एक निवृत्त तलाठी मित्र आहेत, त्यांना मी दुसऱ्या दिवशी बोलावणार होतो. तेवढ्यात महोत्सवाचा एक उत्साही कार्यकर्ता आला, कागदावर वाकला, बोट फिरवत वाचायला लागला. त्याआधी दोन दिवस तो त्यांना 'आमचेच भाऊबंद' म्हणून सगळ्यांना भेटवत होता. बोट जातीच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. तो काही वाईट बोलला नाही. 'हो का, बरं बरं' म्हणाला, आणि पुढचं काम आठवून निघून गेला. ती जात कुठली हे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मग तुम्हीही तोच रकाना आधी वाचाल. पाहुण्यांना काय झालं ते कळलं नाही. किंवा कळलं असेल. त्यांनी कागद पाकिटात घातला.

दुसऱ्या दिवशी तलाठी मित्र आले, दोन तास बसले. गावं दोनाची तीन झाली, खात्री एकाचीही होईना. ते म्हणाले, 'साहेब, याच्या पणजोबाचं नाव सातबाऱ्यावर सापडणार नाही. जमीन असती तर गेला कशाला असता?' तीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या माणसाचं हे वाक्य. मला ते कुठल्याही समाजशास्त्राच्या ग्रंथाइतकं मोलाचं वाटतं. त्या काळी रत्नागिरीत खोती होती. खोत सारा गोळा करायचा, कूळ राबायचं, वेठ करायचं. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती निर्मूलनाचं विधेयक मांडलं; कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे ती जहाजं निघाली तेव्हा जहाजात चढणाऱ्या पुष्कळांचं नाव कुठल्याही जमिनीवर नव्हतं. आणि आज आपण त्यांच्या वंशजांना बोलावून म्हणतो, 'हा आपला सामाईक वारसा!' सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला सामाईक म्हणायचं असेल तर आधी ते नाव का नव्हतं, हे बोलावं लागतं. तेवढं धाडस दाखवणारा महोत्सव मी अजून पाहिलेला नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आयर्लंडचं उदाहरण घेऊ, कारण या प्रकारच्या महोत्सवांत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड बेट आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या तीसेक वर्षांत आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातून, वॉटरफर्ड बंदराच्या आसपासच्या टापूतून, माणसं कॉड मासळीच्या धंद्यावर तिथे गेली आणि राहिली. आयरिश भाषेत त्या बेटाचं नावच 'मासळीची भूमी' असं आहे. आजही तिथल्या काही खेड्यांतली इंग्रजी ऐकली तर वॉटरफर्डचा माणूस बोलतोय असं वाटतं. दोनशे वर्षं, मधे अख्खा अटलांटिक. १९९६ मध्ये आयर्लंड सरकार आणि न्यूफाउंडलंड सरकार यांच्यात सहकार्याचा करार झाला. तेव्हापासून गायक, वादक, विद्यार्थी, इतिहासाचे अभ्यासक यांची ये-जा वाढली.

आता तारखा बघा. करार १९९६. त्याच्या चारच वर्षं आधी, जुलै १९९२ मध्ये, कॉडची मासेमारी कॅनडा सरकारने बंद केली होती. बेसुमार उपसा होऊन समुद्र रिकामा झाला होता. तीसेक हजार माणसांचं काम एका घोषणेत गेलं. मी असं म्हणत नाही की मासळी गेली म्हणून करार आला. कार्यकारणभाव इतका स्वस्त नसतो. पण मासळीची भूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेत मासळी संपते आणि त्याच दशकात वारसा जोरात येतो, याकडे डोळेझाक करता येत नाही. हेगेल म्हणाला होता की ज्ञानदेवतेचं घुबड तिन्हीसांजेला उडतं. वारसा-महोत्सवाचंही तसंच दिसतं. दिवसभराचं काम संपलं, होड्या ओढून ठेवल्या, मग तो उडतो.

आयर्लंडने २०१३ मध्ये 'द गॅदरिंग' नावाचा वर्षभराचा सोहळा केला. जगभरच्या आयरिश वंशजांनो, घरी या. मंदीने देश मोडला होता, पर्यटनाचा पैसा हवा होता. गॅब्रिएल बर्न हा त्यांचा मोठा नट, देशाचा सांस्कृतिक दूत राहिलेला माणूस. तो सोहळ्याआधीच जाहीरपणे म्हणाला की हा परदेशस्थांचे खिसे हलके करण्याचा प्रकार आहे, एरवी यांना आमची आठवण येत नाही. गदारोळ झाला. तरी माणसं आली, गावोगाव कुटुंबांची संमेलनं झाली, कित्येकांना आपली घरं सापडली. दोन्ही गोष्टी खऱ्या. मला आवडलं ते हे की त्यांच्या घरात असं बोलणारा माणूस निघाला आणि सोहळाही झाला. आपल्याकडे तो माणूस निघाला असता तर त्याला पुढच्या वर्षी पास मिळाला नसता.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर लोरियाँ नावाचं बंदर आहे. तिथे १९७१ पासून दर ऑगस्टमध्ये केल्टिक प्रदेशांचा मोठा महोत्सव होतो. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, स्पेनचा गॅलिसिया, सगळे किनारे. जाता जाता एक गंमत : लोरियाँ हे गाव वसलंच मुळी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसाठी, नावाचा अर्थच 'पूर्व'. समोरच्या काठावरच्या गावाचं नाव काय? पोर्ट लुई! मॉरिशस शंभरएक वर्षं फ्रेंचांच्या ताब्यात होतं, त्यामुळे दोन्हीकडे तेच नाव. किनारे एकमेकांना कसे चिकटलेले असतात बघा. नकाशा उघडून बसलं की रक्ताचा वारसा फार लहान वाटायला लागतो.

बरं, तो 'मोडकी मराठी'चा मुद्दा अजून बाकी आहे. मूळ मराठी ती शुद्ध, दूर गेलेली ती मोडकी, हे गृहीतक तपासू. मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला विचारलं, जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेनाने दिव्याचा दृष्टान्त दिला. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जी ज्योत होती तीच शेवटच्या प्रहरी आहे का? तीच नाही. मग दुसरी आहे का? तसंही नाही, त्याच दिव्यावर रात्रभर ती जळत आली आहे. तोही नाही आणि अन्यही नाही. आपण ही गोष्ट ऐकतो आणि मान डोलवतो, पण एक विसरतो : दिवा दोन्हीकडे जळतोय. १८५० ची जाखडी इथेही उरलेली नाही. इथे ती शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात गेली, सिनेमाच्या चाली आल्या, की-बोर्ड आला, यूट्यूब आलं. तिथे ती उसाच्या मळ्यात गेली, घरी क्रिओल बोलणाऱ्या नातवंडांच्या तोंडी बसली. मग मूळ कुठली? मला त्या सात मिनिटांत एक ठेका ऐकू आला, तो इथल्या मंडळांत ऐकलेला नव्हता. तो इथून तिकडे गेला आणि इथे संपला, की तिथेच जन्मला? विचारायची सोय नव्हती, ध्वनिक्षेपक बंद झाला होता. कदाचित त्यांची झाकरी आपल्यापेक्षा जुनी असेल आणि मोडके आपण असू.

आपल्याच भाषेत एक शब्द आहे, वानवळा. नवं पीक आलं, फणस उतरला, पहिली वांगी लागली की शेजारी, सोयऱ्याकडे थोडं पाठवायचं. त्यात दोन शहाणपणं आहेत. वानवळा आपल्याकडे पिकलेल्याचाच असतो, बाजारातून आणून कुणी वानवळा देत नाही. आणि ज्या भांड्यातून तो आला ते भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली दानावर प्रसिद्ध निबंध लिहिला, परतफेडीचं बंधन हे समाजाचं सूत्र कसं असतं ते दाखवलं. माझ्या आईला ते भांडं धुताना माहीत होतं. (हशा.) या कसोटीवर आपले महोत्सव लावून बघा. लावणी संच हा वानवळा नाही, तो बाजारातून आणलेला आहे. आणि मॉरिशसकरांचं भांडं आपण शाल-श्रीफळ घालून परत केलं, म्हणजे रिकामंच.

यावर आयोजक म्हणतील, सर, बोलायला काय जातं, मंडप उभारून दाखवा. खरं आहे. मी आयुष्यात एकही मंडप उभारला नाही. आणि अडचणी खऱ्या आहेत. दशावताराचंच घ्या. देवळाच्या जत्रेत रात्री जेवणं आटोपल्यावर पेटी लागते, मृदंग नि झांज, आधी संकासुर वगैरे आडदशावतार, मग आख्यान, पहाटे दहीकाला. लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान, कोण कधी येणार एवढं ठरतं, बाकी संवाद जागच्या जागी. ही रात्रभराची गोष्ट तुम्ही पावणेदोन तासांत बसवली की संवाद आधी ठरवावे लागतात. संवाद ठरवले की दशावतार गेला, उरलं पौराणिक नाटक. पण दहाचा नियम आहे, आणि प्रेक्षकाला सकाळी सातच्या पाळीला चाकणला पोचायचंय. इथे दोष कुणाचा नाही. फक्त मग 'अस्सल दशावतार' असं लिहू नका. 'पिंपरी-चिंचवडचा दशावतार' असं लिहा. पाळ्यांच्या वेळेत बसवलेली ती एक नवी गोष्ट आहे, तिला तिचं नाव द्या. 'वस्त्रहरण'मुळे मालवणी बोली शहरी रंगमंचावर आली तेव्हा ती गावातली मालवणी राहिली नव्हती; तरी गवाणकर आणि मच्छिंद्र कांबळी यांनी जे उभं केलं ते खोटं होतं असं कोण म्हणेल?

आणखी एक, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याला किनाऱ्यांचे महोत्सव हवेत ना? मग हजारो मैलांवरच्या किनाऱ्याआधी चाकणला या. तिथल्या खोल्यांमध्ये एकेका खोलीत पाच-सहा पोरं राहतात, कंत्राटी कामगार. त्यात ओडिशाच्या किनाऱ्याकडची आहेत. केरळची माणसं या शहरात दोन पिढ्या आहेत. तमिळ आहेत. ओडिशात कार्तिक पौर्णिमेला कटकला बालियात्रा भरते, जावा-बालीला गेलेल्या जुन्या दर्यावर्दींची आठवण म्हणून, आणि लोक पाण्यात छोट्या नावा सोडतात. आपली नारळी पौर्णिमा तिच्या तीन महिने आधी. पिंपरी कॅम्पातले सिंधी बांधव चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक काढतात, सिंधू नदीचा देव. फाळणीत नदी तिकडे राहिली, देव पवनेकाठी आला. एका शहरात, ज्याला समुद्र नाही, इतके किनारे येऊन राहिलेत. यांच्यात वंश सामाईक नाही. सामाईक काय आहे? घर सोडून येणं, पाण्याची आठवण, आणि आता ठेकेदार. (हशा.) न्यूफाउंडलंडला गेलेला वॉटरफर्डचा गडी, मॉरिशसला गेलेला रत्नागिरीचा कूळ आणि चाकणला आलेला ओडिशाचा पोरगा यांच्यात मला जे साम्य दिसतं ते रक्ताच्या साम्यापेक्षा घट्ट वाटतं. पण त्या पोराला आपण कोकण महोत्सवात खुर्च्या लावायला बोलावतो.

मागे एका मंडळाला मी हे सुचवलं. अध्यक्ष भले गृहस्थ आहेत. म्हणाले, 'सर, मग त्याला कोकण महोत्सव कसं म्हणायचं? आणि प्लॉटवाले पैसे कसे देतील?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, दुसऱ्याचं नव्हतं. अजून नाही.

त्या मॉरिशसच्या गृहस्थांचा मधे एकदा ईमेल आला. त्यांनी दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतींना इंग्रजीत पत्रं पाठवली होती, उत्तर आलं नव्हतं. तलाठी मित्रांनी मग मराठीत पत्रं लिहून दिली. मागच्या शिमग्याला मित्र स्वतः मालवणला गेले होते, कोळंबला चौकशी करून आले. काही लागलं नाही. आता रत्नागिरीकडचं कोळंबे राहिलंय. ऐकणाऱ्यांत तिकडचं कुणी असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून 'आमच्यातला एक मिरचीच्या बेटावर गेला तो आलाच नाही' असं काही ऐकलेलं असेल, तर आयोजकांकडे निरोप ठेवा. मॉरिशसला जुनी माणसं मिरीच देश, मिरचीचं बेट असं काहीबाही म्हणायची. आता प्रश्न घेऊ. दहाला पाच कमी आहेत, मला सात मिनिटंही मिळणार नाहीत असं दिसतंय.